दोन फॉर्म १६ आणि तीन आकडे: खरा कर कोणता?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ पहिल्या कंपनीत महिना ९०,००० रुपये पगार होता, नोव्हेंबरपासून दुसऱ्या कंपनीत महिना १,४०,००० आहे. दोघांनीही कर कापला नाही. मुदत ठेवींवर ५८,००० रुपये व्याज मिळालं, त्यातून बँकेने ५,८०० टीडीएस कापला. बचत खात्याचं व्याज ७,०००. मे २०२५ मध्ये काही शेअर विकले, ते घेऊन वर्ष झालं नव्हतं, नफा ४०,०००. पूर्वीची तोट्याची बाकी नाही. रिटर्न भरायला बसलो तर एका मोबाइल ॲपवर ५,८०० रुपये रिफंड दिसतोय, दुसऱ्या एका संकेतस्थळावर ७८,४४० भरायचे दिसतायत आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर ९१,२००! बारा लाखांपर्यंत कर नाही ना? दरमहा १८,००० भाडं भरतो, ८०सी चे दीड लाख पूर्ण आहेत, स्वतःचा १४,००० चा मेडिक्लेम आहे. जुनी करपद्धत घेऊ का? एक सहकारी म्हणतो, पहिली कंपनी दाखवूच नकोस, नाहीतर राजकीय पक्षाला देणगी दाखव. ॲपवाले पैसे घेऊन तज्ज्ञ देतात, तो घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही आकडे नेमके दिलेत, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येतं. पोर्टलचा आकडा बरोबर आहे. पण तो पोर्टलचा आहे म्हणून मान्य करू नका. बाकीचे दोन का चुकले हे कळलं, की तुम्हाला यापुढे कुठल्याही सॉफ्टवेअरची तपासणी करता येईल. सॉफ्टवेअरची वजाबाकी-गुणाकार सहसा चुकत नाही. चुकतो तो त्याच्या पोटात गेलेला आकडा.

आधी एका कागदावर हिशोब मांडू. पहिली कंपनी सात महिने, ६,३०,०००. दुसरी पाच महिने, ७,००,०००. एकूण पगार १३,३०,०००. नव्या करपद्धतीत (दर कमी, पण ८०सी किंवा घरभाड्यासारख्या वजावटी नाहीत; जुनीचा हिशोब पुढे मांडू) त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट, म्हणजे पगारदारांना सरसकट मिळणारी, ती वर्षातून एकदाच, कंपन्या कितीही बदला. उरले १२,५५,०००. त्यात दोन्ही व्याजं मिळून ६५,००० घाला: १३,२०,०००. या रकमेला टप्प्यांचे दर लागतात. शेअरचे ४०,००० वेगळे ठेवा, त्यांचा दर वेगळा आहे. त्यांच्यासकट तुमचं एकूण उत्पन्न १३,६०,०००.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे टप्पे असे: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, आणि पुढे दर चार लाखांना पाच-पाच टक्के वाढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. तुमचे २०,००० अधिक ४०,००० अधिक १८,००० असे ७८,००० झाले. शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर कलम १११ए खाली सरसकट २० टक्के, म्हणजे ८,०००. बेरीज ८६,०००, त्यावर ४ टक्के उपकर ३,४४०. एकूण कर ८९,४४०. बँकेने कापलेले ५,८०० वजा केले की ८३,६४० उरतात. पोर्टलने यावर व्याज चढवलंय, म्हणून ९१,२०० दिसतात. व्याजाकडे नंतर येऊ.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य अर्धंच तुमच्यापर्यंत पोहोचलं. बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त नाही. त्यावर कर लागतो, आणि कलम ८७ए ची ६०,००० रुपयांपर्यंतची सूट तो पुसून टाकते. ही सूट एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तरच मिळते. पगारदारांना ७५,००० ची वजावट आधीच मिळते म्हणून पौणेतेरा लाखांचा आकडा ऐकू येतो, पण तो नुसता पगार असणाऱ्यांसाठी. हद्द ओलांडली की कर चार लाखांपासून मोजला जातो. हद्दीच्या जरासंच पुढे असणाऱ्यांना दिलासा आहे: साधं, म्हणजे टप्प्यांचे दर लागणारं उत्पन्न १२,४०,००० असेल तर कर ४०,००० च्या वर जात नाही, उपकर वेगळा. हा दिलासा साधारण १२,७०,५०० च्या आसपास संपतो आणि तुम्ही त्याच्या बरेच पुढे आहात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना रिटर्न भरतानाच कळते: शेअरच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नावरचा कर ८७ए पुसत नाही. पगार दहा लाख आणि अल्पकालीन नफा पन्नास हजार असला तर पगाराचा कर शून्य होतो, नफ्यावरचे दहा हजार मात्र भरावेच लागतात. सॉफ्टवेअर तो कर दाखवतं तेव्हा लोक सॉफ्टवेअरलाच दोष देतात.

कंपन्यांनी कर का कापला नाही? दोघींनी आपापल्यापुरता हिशोब केला. पहिलीने वर्षाचा पगार १०,८०,००० धरला, वजावटीनंतर १०,०५,०००. सूट लागू, कर शून्य. दुसरीला पाच महिन्यांचे सात लाखच दिसले. रुजू होताना फॉर्म १२बी भरून पहिल्या कंपनीचा पगार कळवला असतात, तर दुसरीने नोव्हेंबर ते मार्च थोडा थोडा कर कापला असता आणि व्याजाचा मोठा भाग वाचला असता. आता वर्ष संपलंय. दुसऱ्या कंपनीला फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) बदलून मागण्यात अर्थ नाही, तिच्या बाजूने तो बरोबरच आहे.

आता ते दोन चुकलेले आकडे. पहिल्या ॲपचा रिफंड बरोब्बर ५,८००, म्हणजे बँकेच्या टीडीएसएवढाच. रिफंड आणि टीडीएस पैशापर्यंत जुळले, याचा अर्थ ॲपच्या मते तुमचा कर शून्य आहे. तो शून्य येण्यासाठी उत्पन्न बारा लाखांच्या आत हवं आणि शेअरचा नफा नसायला हवा. ॲपने एकच फॉर्म १६ वाचला, दुसऱ्या कंपनीचा. ७,००,००० वजा ७५,०००, अधिक व्याज ६५,०००: ६,९०,०००. त्यावर १४,५०० कर, तो ८७ए ने पुसला. पहिली कंपनी आणि शेअर दोन्ही गळाले. शेअर धरले असते तर ८,००० आणि त्यावरचा उपकर तरी उभा राहिला असता, रिफंड दिसलाच नसता.

पहिली कंपनी का गळली असावी, हे तुमच्याकडच्या कागदावरच दिसेल. फॉर्म १६ चा पार्ट ए खात्याच्या ट्रेसेस प्रणालीतून निघतो आणि त्यात कापलेल्या कराच्या नोंदी असतात. कर कापलाच नसेल तर बहुधा कंपनी नुसता पार्ट बी किंवा पगाराचा वार्षिक तक्ता देते. पीडीएफ वाचणारी बहुतेक ॲपं ठरावीक साच्यावर चालतात. साचा जुळला नाही की ती कधी चूक दाखवतात, कधी मुकाट पुढे जातात. म्हणून पीडीएफ चढवल्यावर ‘पगार’ या पानावर जाऊन किती कंपन्यांची नावं दिसतात ते आधी मोजा.

दुसऱ्या संकेतस्थळावर तुम्ही पहिल्या कंपनीचे आकडे हाताने भरले असणार. पार्ट बी उघडा. वरच्या भागात कलम १७(१) खालचा पगार असतो, तो ६,३०,०००. खाली येता येता कलम १६ च्या वजावटी, त्यात प्रमाणित वजावट ७५,०००. त्यानंतर ‘पगार या शीर्षकाखालील करपात्र उत्पन्न’ अशी ओळ, तिथे ५,५५,०००. ठळक दिसते म्हणून बरेच जण हीच ओळ उचलतात आणि ‘एकूण पगार’ या रकान्यात टाकतात. मग सॉफ्टवेअर ७,००,००० आणि ५,५५,००० ची बेरीज करून त्यातून पुन्हा ७५,००० वजा करतं. प्रमाणित वजावट दोनदा गेली. पडताळा घ्या: उत्पन्न ७५,००० ने कमी झालं, तो तुकडा १५ टक्क्यांच्या टप्प्यातला, म्हणजे कर ११,२५० ने आणि उपकरासकट ११,७०० ने कमी. ८३,६४० वजा ११,७०० म्हणजे ७१,९४०; व्याज धरून ७८,४४०. तुमचा दुसरा आकडा सापडला.

उलटी चूकही होते. दुसऱ्या कंपनीला आधीचा पगार कळवलेला असेल तर तिच्या पार्ट बी मध्ये ‘इतर नियोक्त्यांकडून मिळालेला पगार’ अशा ओळीत तो आलेला असतो. वर पहिल्या कंपनीचा फॉर्मही चढवला की तोच पगार दोनदा मोजला जातो. तुमच्याकडे ही ओळ रिकामी असेल, तरी नजर टाका.

व्याजाचं असं आहे. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा अधिक कर निघत असेल तर तो वर्ष चालू असतानाच आगाऊ भरायचा असतो. तुम्ही काहीच भरला नाही, म्हणून दोन व्याजं लागली. कलम २३४बी चं व्याज १ एप्रिल २०२६ पासून भरणा होईपर्यंत दर महिना १ टक्का. महिन्यातला एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना. शंभराखालचे सुटे रुपये सोडून ८३,६०० वर एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे ३,३४४. कलम २३४सी चं व्याज चार हप्ते चुकल्याचं: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण कर भरलेला हवा होता. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर प्रत्येकी ३ टक्के, शेवटच्यावर १ टक्का: ३७५, १,१२८, १,८८१ आणि ८३६, मिळून ४,२२०. सगळं मिळून ९१,२०४, ते जवळच्या दहाला आणून ९१,२००.

हे पैसे जुलैतच भरा. १ ऑगस्टला २३४बी चा पाचवा महिना सुरू होतो, ८३६ रुपये आणखी. रिटर्नही ३१ जुलैनंतर गेलं तर तेवढंच २३४ए चं व्याज आणि वर कलम २३४एफ चं ५,००० विलंब शुल्क. मुदत वाढल्याची बातमी आली म्हणून भरणा लांबवू नका. वाढीव मुदतीने विलंब शुल्क टळतं, २३४बी चं मीटर चालूच राहतं.

जुन्या पद्धतीचा हिशोब मांडून बघू. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा धरला तर वर्षाचा ६,६५,०००. घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान: मिळालेला भत्ता, मूळ पगाराच्या ४० टक्के (२०२५-२६ साठी पुणे पन्नास टक्क्यांच्या चार शहरांत येत नाही), किंवा भाडं वजा मूळ पगाराचा दहावा भाग. तिसरी रक्कम २,१६,००० वजा ६६,५००, म्हणजे १,४९,५००. तुमच्या बाबतीत बहुधा हीच लहान ठरेल. शिवाय प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे १,५०,०००, मेडिक्लेमचे १४,००० आणि बचत खात्याच्या व्याजाचे ७,००० कलम ८०टीटीए खाली. सगळ्या वजावटी ३,७३,०००. उरलं १०,२२,०००, त्यावर जुन्या टप्प्यांनी १,१९,१००. शेअरचे ८,००० आणि उपकर धरून १,३२,१८४. नव्या पद्धतीत ८९,४४० होते. म्हणजे जुनी पद्धत तुम्हाला ४२,७४४ रुपयांना महाग पडेल. तुमच्या उत्पन्नाला ती परवडायला वजावटी साधारण ५,६७,५०० च्या वर जायला हव्यात. तुमच्याइतक्याच वजावटी आणि वर गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण दोन लाख असतील तर तराजू जेमतेम पलीकडे झुकतो. कर्ज नसेल तर प्रश्न मिटला.

पोर्टलवर पद्धत निवडताना प्रश्नाची वाक्यरचना उलटी आहे. ‘नवी पद्धत हवी का’ असं तिथे विचारत नाहीत. कलम ११५बीएसी(६) खाली नव्या पद्धतीतून बाहेर पडायचं आहे का, असं विचारतात. तुमचं उत्तर ‘नाही’. घाईत ‘हो’ दाबून जुन्या पद्धतीत गेलेले आणि मग कर का वाढला म्हणून डोकं धरून बसलेले लोक दरवर्षी असतात. (धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना दरवर्षी पद्धत बदलता येते, पण मुदतीत रिटर्न भरलं तरच. उशिराच्या रिटर्नला फक्त नवी.)

भरायला बसण्याआधी पोर्टलवरून दोन कागद उतरवून घ्या: फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान इंग्रजी अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. २६एएस मध्ये बघा की ५,८०० चा टीडीएस तुमच्या पॅनवर चढला आहे. एआयएसमध्ये व्याज, लाभांश आणि शेअरची विक्री दिसेल. लाभांशाचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. शेअर होते तर दोन-चारशे रुपये कुठेतरी जमा झाले असतीलच, तेही ‘इतर उत्पन्न’मध्ये घ्या. ठेवीची मुदत अजून संपलेली नसली तरी बँक दरवर्षी जमा धरलेलं व्याज कळवते. म्हणून खात्यात हातात आलेले पैसे मोजू नका, बँकेचं व्याज प्रमाणपत्र घ्या. शेअरची विक्री किंमत एआयएसमध्ये असते, खरेदी किंमत मात्र कधी कोरी, कधी अंदाजाची. तिथला नफा उचलू नका, ब्रोकरचा करासाठीचा नफा-तोटा अहवाल प्रमाण माना. दलाली खर्चात धरता येते, रोखे व्यवहार कर म्हणजे एसटीटी धरता येत नाही. एआयएसमधली नोंद चुकीची किंवा दुबार असेल तर तिथेच त्या नोंदीवर अभिप्राय देण्याची सोय आहे. ती वापरा आणि पोचपावती ठेवा.

फॉर्म आयटीआर-२. अल्पकालीन नफा असला की आयटीआर-१ चालत नाही. पगाराच्या पत्रकात दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे जोडा, प्रत्येकीचा एकूण पगार वजावटीआधीचा. ७५,००० फॉर्म स्वतः एकदा वजा करेल. भांडवली नफ्याच्या पत्रकात १११ए खाली एकूण विक्री, खरेदी आणि खर्च टाका. अल्पकालीन नफ्याला शेअरवार यादी लागत नाही. मग त्या पत्रकाच्या तळाशी एक छोटा तक्ता येतो, नफा कोणत्या काळात झाला याचा. पाच रकाने: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. तुमचे ४०,००० पहिल्या रकान्यात, विक्री मे महिन्यातली आहे. तक्ता कोरा राहिला किंवा बेरीज वरच्या नफ्याशी जुळली नाही तर फॉर्म तपासणीत अडकतो, आणि चुकीसाठी दिसणारा संदेश इतका आडवळणाचा असतो की लोक पगाराची पानं परत परत तपासत बसतात. २३४सी चं व्याजही याच तक्त्यावरून मोजलं जातं.

कर भरायला पोर्टलवरच ‘ई-पे टॅक्स’. आयकर, कंपन्या सोडून इतर, मुख्य शीर्षक ००२१. प्रकार स्वयंनिर्धारण कर, ३००. इथे यंदा एक नवा खड्डा आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि त्यात ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली. तुमचं रिटर्न आर्थिक वर्ष २०२५-२६ चं, म्हणजे जुन्या १९६१ च्या कायद्याखालचं, करनिर्धारण वर्ष २०२६-२७. आणि चालू वर्ष, एप्रिल २०२६ ते मार्च २०२७, हे नव्या कायद्याचं कर वर्ष २०२६-२७. आकडे तेच, वर्षं वेगळी. चलनात ‘करनिर्धारण वर्ष २०२६-२७’ आहे ना, हे दोनदा वाचा. पैसे चुकीच्या वर्षात गेले तर चलन दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं आणि तोवर रिटर्नमध्ये कर थकीत दिसतो.

भरायचे ते पूर्ण ९१,२००, नुसते ८३,६४० नव्हेत. भरलेल्या रकमेतून व्याज आधी वळतं होतं, मग कर. व्याज सोडून भरलंत तर उरलेली तूट कराची मानली जाईल. चलनावर सात आकडी बीएसआर कोड, पाच आकडी चलन क्रमांक आणि तारीख मिळते. ती करभरणा पत्रकात आपोआप आली नसेल तर हाताने भरा. शेवटच्या पानावर देय रक्कम शून्य झाल्याशिवाय रिटर्न पाठवू नका.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहायची गरज नाही. पहिल्या कंपनीने तुमचा पगार खात्याला कळवलेला असतो आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी वेगळ्याच. उत्पन्न कमी दाखवल्यास कलम २७०ए खाली त्यावरील कराच्या ५० टक्के दंड, आणि खोटी माहिती देऊन केलं असेल तर २०० टक्के. देणगीचं म्हणाल तर नव्या पद्धतीत ८०जीजीसी ची वजावट मुळात नाहीच, म्हणजे खोटेपणा करूनही फायदा शून्य. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासण्या केल्या, त्या अशाच बनावट देणग्या आणि भाड्याच्या पावत्या पुरवणाऱ्यांच्या मागावर होत्या.

पैसे देऊन तज्ज्ञ घ्यायचा का? तुमच्या रिटर्नला गरज नाही. पोर्टलवर भरणं फुकट आहे आणि हिशोब वर मांडलेलाच आहे. वायदा व्यवहार केले असते (मग आयटीआर-३ लागतो), घर विकलं असतं किंवा परदेशी कंपनीचे शेअर नोकरीतून मिळाले असते, तर मात्र सनदी लेखापालाकडेच जा असं सांगितलं असतं. परदेशी शेअर न विकताही परदेशी मालमत्तेच्या पत्रकात दाखवावे लागतात, तेही कॅलेंडर वर्षाच्या हिशोबाने, आणि तिथली चूक काळ्या पैशाच्या कायद्यापर्यंत जाऊ शकते. हिंजवडीतल्या कितीतरी जणांना हे पत्रक असतं याचीच कल्पना नसते.

तरी मदत घ्यायचीच असेल तर ॲपमधल्या चॅटला किंवा माणसाला ‘माझा कर किती’ असं विचारू नका. ‘या ओळीतला आकडा कोणत्या कागदावरून आला’ असं विचारा. तुमच्या बाबतीत तीन प्रश्न पुरेत: एकूण पगार १३,३०,००० धरला का, प्रमाणित वजावट किती वेळा गेली, ८७ए च्या पुढे शून्य आहे का. उत्तर गोलमोल आलं तर पैसे देऊ नका. आणि पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. अधिकृत मध्यस्थ (रिटर्न भरून देणारी नोंदणीकृत ॲपं, संकेतस्थळं) तुमच्या मोबाइलवरच्या ओटीपीने पूर्वभरित माहिती घेतात, ते ठीक आहे. पण ते काम झाल्यावर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये ईमेल आणि मोबाइल तुमचेच आहेत ना ते बघा. एजंटाचा ईमेल तिथे राहिला तर खात्याची नोटीस त्याच्याकडे जाते. पोर्टलच्याच तांत्रिक अडचणींसाठी १८०० १०३ ००२५ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा वाचून दाखवा, कर सल्ला मात्र मागू नका.

रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत ई-पडताळणी करायची. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. तीस दिवस उलटले तर पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात आणि वेळेत भरलेलं रिटर्न उशिराचं ठरून ५,००० चं शुल्क लागतं. ओटीपी येत नसेल तर नेट बँकिंगमधून करा.

आणि याच आठवड्यात कंपनीच्या पगार विभागाला ठेवींच्या व्याजाचा यंदाचा अंदाज लेखी कळवा. महिना १,४०,००० ने तुमचा वर्षाचा पगार १६,८०,००० होतो, त्यावर कंपनी कर कापेलच. व्याजाचा करही त्यातच कापून घेता येतो. शेअर पुन्हा विकलेत तर त्यावरचा कर पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी आगाऊ कर म्हणून भरा. १५ जूनचा हप्ता गेला, पुढचा १५ सप्टेंबरला आहे.